पोळणारी मूठ

१

सकवारबाईंच्या हातून किटली सुटली तेव्हा मला आधी माझ्या साडीची काळजी वाटली, हे कबूल करते. कॉफी तबकात सांडली, तबकातून टेबलावर आणि तिथून जाजमावर गेली. सकवारबाई उजवा तळवा डाव्या हाताने धरून उभ्या होत्या.

"ही माझी किटली नव्हं," त्या म्हणाल्या. "हात पोळला."

बनशंकरीतल्या त्या घरी दर शनिवारी चार वाजता कॉफी घ्यायची हा माझा अकरा वर्षांचा नेम. मी प्रतिमा हसबनीस, समोरच्या घरात राहते. मूळची साताऱ्याची, नोकरीपायी बंगळूरची झाले. चौतीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत मोडलेल्या यंत्रांचे तुकडे तपासून ते का मोडले हे सांगायचं काम केलं. निवृत्त झाले, पण खोड काही जात नाही.

सकवारबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या मागून इथे आलं ते परत गेलंच नाही. त्यांचे आजेसासरे छावणीत साहेबांच्या घोड्यांना वळण लावायचे. एक मडम विलायतेला परतताना आपला चांदीचा चहा-कॉफीचा संच त्यांना देऊन गेली. राणीच्या काळातला, दीडशे वर्षांचा. चहाची बसकी किटली, कॉफीची उंच किटली, दुधाचं आणि साखरेचं भांडं, खाली जड तबक. दर शनिवारी कॉफीची किटली कपाटातून निघते. सकवारबाईच ती भरतात, त्याच ओततात, रात्री विभूतीने घासून त्याच परत ठेवतात. इतर कोणी तिला हात लावत नाही.

"अज्जी, ही आपलीच आहे," त्यांचा नातू रणवीर म्हणाला. त्याने किटली उचलून बूड वर केलं. "हे बघ. विलायती चांदीचा छाप. हा सिंह, ही अक्षरं. सगळं तेच आहे."

"सिंव्ह राहू दे. मूठ बघ. माझ्या किटलीची मूठ कधी तापत न्हाई."

रणवीरने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. रणवीर तीस वर्षांचा. आई-बाप आठव्या वर्षीच गेले, तेव्हापासून या बाईंनीच त्याला वाढवलं. आता तो महादेवपुऱ्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याची बायको स्मृती पुण्याची, लग्नाला आठ महिने झालेले. ती आजींच्या तळव्याला मलम लावायला त्यांना आत घेऊन गेली. बावीस वर्षं घरात काम करणारी विमला आली, तिने जाजम पुसलं, "तोगोळ्ळि, अण्णा," म्हणत रणवीरपुढे दुसरी कॉफी ठेवली आणि आत गेली.

"काकू, तुम्ही पाहताय ना?" रणवीर म्हणाला. "गेल्या आठवड्यात चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. त्याआधी दिव्याच्या वाती फ्रिजमध्ये. आता किटली ओळखत नाही. सोमवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"डॉक्टर काय करणार?"

"विसरभोळेपणाचा कागद देतील. तो कोर्टात दिला की अज्जीचे व्यवहार माझ्या सहीने होतील. तिच्याच भल्यासाठी."

त्या घराच्या जागी सहा मजले उभे करायला एक बिल्डर दोन वर्षं टपून बसला होता आणि सकवारबाई त्याला दारातूनच परत पाठवत होत्या, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो कागद झाला की त्यांना कोणी विचारणारच नव्हतं.

२

मला वाद घालण्यापेक्षा वस्तूला विचारणं बरं वाटतं. मी स्वयंपाकघरातून उकळतं पाणी आणलं, दोन्ही किटल्या भरल्या आणि दोन हातांनी दोन मुठी धरल्या. रणवीर बघत होता. स्मृतीही परत आली होती.

चहाच्या किटलीची मूठ गारच राहिली. कॉफीच्या किटलीची मूठ मी वीस आकडे मोजेपर्यंत धरली आणि मग सोडून दिली.

"चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही," मी म्हटलं. "म्हणून जुने कारागीर मूठ जिथे किटलीला जोडतात तिथे हस्तिदंताच्या दोन चकत्या घालत. उष्णता तिथेच अडते. हे बघा, चहाच्या किटलीवर दोन पांढऱ्या रेघा."

"कॉफीच्या किटलीवरही आहेत की," स्मृती म्हणाली.

होत्या खऱ्या. मी नखाने एक खरवडली. पांढरा रंग नखात आला आणि खाली धातू चकाकला. मग भिंग घेऊन बूड पाहिलं. चहाच्या किटलीवरचा सिंह दीडशे वर्षांच्या विभूतीने झिजून मांजर झाला होता. कॉफीच्या किटलीवरच्या सिंहाची आयाळसुद्धा शाबूत होती.

"ही नक्कल आहे. आजींचं बरोबर आहे."

रणवीरने भिंग घेऊन स्वतः पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे चोरी झाली. बापरे. पण काकू, किटलीचं खरं असलं तरी चष्मा आणि वाती कोणी चोरल्या नव्हत्या. सोमवारचं राहू दे तसंच."

त्याचं म्हणणं खोडता येईना. एका किटलीने सकवारबाई सुटणार नव्हत्या.

"गेल्या शनिवारी मी इथेच कॉफी प्यायले, तेव्हा किटली खरी होती," मी म्हटलं. "मधल्या आठवड्यात घरात कोण आलं?"

"मी विमलाला विचारते," स्मृती म्हणाली. "माझं कन्नड आता बऱ्यापैकी आहे, काकू. रोज ॲपवर शिकते." ती आत गेली आणि परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. "विमला म्हणते, काल, शुक्रवारी, अण्णा चांदीसाठी आले होते. 'अण्णा बेळ्ळिगे बंदिद्रु.' हेच तिचे शब्द."

बेळ्ळी म्हणजे चांदी, हे इथे सराफाच्या पाटीवर रोज दिसतं. आणि या घरात अण्णा म्हणजे फत्तेसिंग, सकवारबाईंचे धाकटे दीर. बोम्मसंद्र्याला त्यांचा प्लेटिंगचा कारखाना आहे. पितळेवर चांदी चढवणं हा त्यांचा रोजचा धंदा.

रणवीर खिडकीबाहेर बघत होता. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

३

रविवारी सकाळी मी स्मृतीला माझ्याकडे बोलावलं आणि सरळ विचारलं, "आजी नक्की काय काय विसरल्या, कधी?"

तिने मोबाइल पुढे केला. "मी लिस्ट ठेवलीय. रणवीर म्हणाला, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल. काकू, मला हे करायला आवडत नाही हं. आजी मला खूप जीव लावतात. पण मला खरंच भीती वाटते, उद्या गॅस चालू ठेवला तर?"

यादी नेटकी होती. चष्मा तांदळात. वाती फ्रिजमध्ये. गोळ्यांची डबी चपलांच्या कपाटात. देवघराची घंटा बाथरूममध्ये. एकूण सहा नोंदी, प्रत्येकीपुढे तारीख. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून एकेक तारीख ताडून पाहिली आणि मग पुन्हा पाहिली.

"स्मृती, सहाही शुक्रवार आहेत."

"हो का? शुक्रवारी मी ऑफिसला जाते, संध्याकाळी आल्यावर आजी सांगतात की अमुक सापडत नाही. बाकीचे चार दिवस मी घरून काम करते."

म्हातारपण वार बघून येत नाही. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच त्याहून वाईट वाटलं, कारण सकवारबाई विसरत नसतील तर कोणीतरी हे ठरवून करत होतं. दर शुक्रवारी राहुकाळात, साडेदहा ते बारा, त्या बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायला जातात. विमला मागच्या अंगणात धुणं धूत असते. कपाटाची किल्ली देवघरामागे खिळ्याला, सगळ्या घराला माहीत.

"फत्तेअण्णांच्या कारखान्याला सुट्टी कधी असते?" मी विचारलं.

स्मृतीने माझ्याकडे पाहिलं. "शुक्रवारी."

४

आर. व्ही. रोडला मेट्रो बदलून मी बोम्मसंद्र्याला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. पिशवीत नकली किटली होती. फत्तेसिंग बहात्तर वर्षांचे, ताठ, मिशा पांढऱ्या. कारखान्यातल्या आंबूस वासात ते लाकडी खुर्चीवर बसले होते. मी किटली टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उचलली, तोलली, मुठीवरून अंगठा फिरवला आणि हसले. "हे कुणाचं काम?"

"लोक तुमचं म्हणतात."

हसू गेलं. "कोण लोक? वैनी?"

"त्यांना अजून सांगितलेलं नाही. ही किटली तुम्ही मागत होता, हे खरं ना?"

"खरंच की. माझी आई याच किटलीनं कापी ओतायची. दादा गेल्यावर म्या म्हटलं, बाकी सगळं ठेवा, तेवढी एक मला द्या. वैनी न्हाई म्हणाली. सात वरसं झाली, म्या त्या घराची पायरी चढलो न्हाई." ते थांबले. "पण ताई, स्वल्प डोकं चालवा. म्या लहानपणी आजाऱ्यागत त्या मुठीला गाल लावून बसायचो, गार लागायची म्हणून. आम्ही त्याला किटलीचे दात म्हणायचो. म्या नक्कल केली असती तर दात बसवले असते, हाडाचे का होईना. रंगाच्या रेघा कोण मारतंय? ज्यानं ती हातात धरून कधी कापी ओतली न्हाई, तो. फोटू दावून करून घेतलीय ही."

ते खरं होतं. आणि दुसरीही एक गोष्ट मला येताना गाडीतच खटकली होती. चांदीच हवी असणारा चोर सगळ्यात जड तबक नेईल. फक्त कॉफीची किटली का? तिच्यातला फरक सकवारबाईंशिवाय कोणालाच कळणार नव्हता. त्या एकट्यांनीच बोंब मारावी आणि बाकीच्यांनी हसावं असं ज्याला हवं होतं, त्यालाच ती निवड सुचेल.

"शुक्रवारी तुम्ही तिथे गेला होता असं विमला सांगते."

"विमला?" त्यांना राग येण्याऐवजी नवल वाटलं. "ती तसं सांगणार न्हाई. विचारा पुन्हा."

बाहेर पडले तेव्हा भूक लागली होती. फाटकाजवळच्या गाडीवर इडली मागितली. गाडीवाल्या बाईने रिकामं भांडं दाखवलं. "मुगीतु, अम्मा. नाळे बेळिग्गे बन्नि."

संपली, उद्या सकाळी या. मी दोन पावलं चालले आणि रस्त्यातच उभी राहिले. मागून एक रिक्षावाला माझ्या नावाने शंख करत गेला.

५

संध्याकाळी सहाला मी सकवारबाईंच्या दिवाणखान्यात गेले. त्या, रणवीर आणि स्मृती बसले होते. मी विमलाला स्वयंपाकघरातून बोलावलं. स्मृतीला सगळं कळावं म्हणून मी विमलाच्या प्रत्येक उत्तराचं मराठी करत गेले.

"विमला, शुक्रवारी कोण आलं होतं?"

"अण्णा."

"कोणते अण्णा?"

तिने मला वेड लागलंय की काय अशा नजरेने पाहिलं आणि हातातलं फडकं रणवीरकडे केलं. "हे. आमचे अण्णा. आठ वर्षांचे होते तेव्हापासून मी यांना अण्णाच म्हणते."

"आणि फत्तेसिंगांना?"

"ते यजमान. ते कुठे येतात हल्ली?"

"अण्णा चांदीसाठी आले होते, असं तू स्मृतीला म्हणालीस?"

"चांदी? छे. बेळिग्गे बंदिद्रु. सकाळी आले होते. अम्मा देवळात होत्या तेव्हा. बऱ्याच शुक्रवारी येतात."

स्मृतीचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्याकडे वळले. "बेळ्ळिगे म्हणजे चांदीसाठी. बेळिग्गे म्हणजे सकाळी. जोर एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेला, बस्स. तू पुण्याची, तुझा दोष नाही. मी इथे इतकी वर्षं काढून तुझ्या तोंडचं तसंच्या तसं गिळलं, दोष माझा. 'ध'चा 'मा' झाला आणि आपण संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो." मग मी रणवीरकडे पाहिलं. "पण तू या घरात जन्मलास. कानडी तुझ्या तोंडातली भाषा. विमला तुला काय हाक मारते हे तुला ठाऊक. बायकोची चूक तुला तिथल्या तिथे कळली होती. मग बोलला का नाहीस?"

"मी लॅपटॉपचा चार्जर विसरलो होतो," रणवीर म्हणाला. "घ्यायला आलो. त्यात काय?"

"सहा शुक्रवार?"

"काकू, तुम्ही उगाच साप साप म्हणून भुई धोपटताय."

"तुमच्या ऑफिसच्या दारात कार्ड लावल्याशिवाय आत जाता येत नाही ना? शुक्रवारची नोंद दाखव. मी तुझी माफी मागेन, सगळ्यांसमोर."

रणवीरने मोबाइल उचलला आणि पालथा ठेवला. बोलली स्मृती, अगदी हळू. "यादी ठेवायला तूच सांगितलंस. मी प्रत्येक वेळी लिहिलं. आजींच्या विरुद्ध माझ्या हाताने लिहिलं, रणवीर." ती उभी राहिली. "किटली कुठे आहे?"

तो उठून बाहेर गेला आणि गाडीच्या डिकीतून टॉवेलात गुंडाळलेली किटली घेऊन आला. ती त्याने विकली नव्हती. मला वाटतं, विकायची त्याची इच्छाही नव्हती. त्याने ती आजींपुढे ठेवली.

"मी तुला काही इजा केली नाही, अज्जी," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या घरात तू एकटी काय करणार? नवीन जागेत तुला चांगला फ्लॅट मिळाला असता. तू ऐकतच नव्हतीस. शेवटी हे सगळं माझंच होणार आहे ना?"

सकवारबाईंनी उजवा तळवा उघडून त्याच्यापुढे धरला. मधोमध लांबट लाल फोड होता. त्याने मान खाली घातली.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. प्रयोगशाळेत तुकडा जुळला की आम्ही चहा मागवायचो. इथे मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. सकवारबाईंनी टॉवेल सोडला, किटलीच्या मुठीवरून दोन्ही पांढऱ्या चकत्यांना बोट लावलं आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"प्रतिमा, म्या विसरत असते तर बरं झालं असतं गं. दोन म्हैने देवीपुढं बसून म्हणत होते, माझं डोकं जाऊ देऊ नको. कशाला म्हणत होते?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण थोपटलाही नाही. मग त्या रणवीरला म्हणाल्या, "सकाळपासून जेवलास का?"

६

सोमवारी अकराला सकवारबाई डॉक्टरांकडे गेल्याच. वेळ घेतलीय तर मोडायची कशाला, म्हणाल्या. सोबत विमला आणि मी. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सकवारबाई दोनापर्यंत न चुकता उतरल्या आणि तिथे थांबून पुढे काय करू म्हणून विचारलं. डॉक्टरांनी हसत कागद लिहून दिला: स्मरणशक्ती उत्तम. सकवारबाईंनी तो कागद चार घड्या करून संचाच्या कपाटात, तबकाखाली ठेवला. बिल्डर त्यानंतर फिरकलेला नाही.

स्मृती पुण्याला माहेरी गेली आहे. मला फोन करते, आजींचा हात बरा झाला का विचारते. परत येणार का, हे मी विचारत नाही. जाण्याआधी तिने ती यादी मोबाइलमधून पुसली आणि पुसलेली मला दाखवली.

फत्तेसिंगांना सकवारबाईंनी स्वतः फोन केला. आता ते शनिवारी चार वाजता येतात, मुठीला एकदा अंगठा लावतात आणि कॉफी पितात. दोघं फारसं बोलत नाहीत, पण दुसरा पेला मागतात.

रणवीर अजून त्याच घरात आहे. मी सकवारबाईंच्या जागी असते तर त्याला त्याच संध्याकाळी बाहेर काढलं असतं आणि तसं मी म्हटलंही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शनिवारी तोही येऊन बसतो. आमची कॉफी खऱ्या किटलीतून येते, त्याची त्या खोट्या किटलीतून. ती मात्र सकवारबाईच ओततात, मुठीभोवती पदराची घडी घेऊन.

गेल्या शुक्रवारी त्या देवळात निघाल्या तेव्हा मी फाटकात भेटले. लिंबांची पिशवी एका बाजूला ओढत होती. मी ती हातात घेतली आणि जड लागली म्हणून आत पाहिलं. लिंबांखाली, वातींच्या डबीशेजारी, टॉवेलात गुंडाळलेली किटली होती.

"अहो, ही उन्हातून कशाला वाहून नेता?" मी म्हटलं. "कपाटाला नवं कुलूप लावा. किल्ली माझ्याकडे ठेवा."

सकवारबाईंनी पिशवी माझ्या हातातून परत घेतली.

"कुलूप नको," त्या म्हणाल्या. "त्याला वाटंल, अज्जी मला चोर समजते."